सुमनबाईंचा खुबा आणि बप्पांचं खाकरणं

“घरी खाली बसता का तुम्ही?” मी विचारलं.

“न्हाय ओ मॅडम.”

“जेवायला?”

“खुर्चीवरच.”

“संडासला?”

“त्या उंच खुर्चीवर. तुम्ही सांगितल्यावानी.”

“आणि देवपूजेला?”

“बसल्या जागंवरनंच हात जोडते. देवाला दिसतंय की मला काय झालंय ते.”

देवाला दिसत होतं, मला मात्र दिसत नव्हतं. समोर टेबलावर पडलेल्या सुमनबाईंची उजवी जांघ पुन्हा आखडली होती. नुसता हात लावला तरी चेहरा कसनुसा करत होत्या.

मी फिजिओथेरपिस्ट. कळंबला माझं छोटं क्लिनिक आहे. लोक मला कसरतीच्या मॅडम म्हणतात आणि मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय. ऑपरेशन सर्जन करतात. नंतर माणसाला पायावर उभं करणं, चालतं करणं हे आमचं काम. कंटाळवाणं असतं. तेच तेच करून घ्यायचं आणि तेच तेच सांगायचं. पण एखादा पेशंट असा येतो की सगळं नीट करूनही गाडी पुढं सरकत नाही. तेव्हा माझ्या अंगात पोलीस संचारतो.

सुमनबाई साठी ओलांडलेल्या. वाशीच्या रस्त्यावर त्यांचं गाव. गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरच्या सर्जननी मोडका गोळा काढून धातूचा बसवला.

खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तो गोळा वाटीत धरून ठेवायला भोवती स्नायू आणि जाड आवरण असतं. ऑपरेशनच्या वेळी ते कापून पुन्हा शिवावं लागतं. ते भरून येईपर्यंत काही गोष्टींना सक्त मनाई. कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, गुडघा आत वळवायचा नाही. जमिनीवर बसताना या तिन्ही गोष्टी एकदम होतात. मग गोळा वाटीतून निसटू शकतो. त्याला डिस्लोकेशन म्हणतात. निसटलेला गोळा कधी नुसता ओढून बसतो, कधी पुन्हा चिरफाड करावी लागते.

आणि सुमनबाईंच्या बाबतीत तीच खरी भीती होती. त्यांचं हृदय कमजोर. पहिल्या ऑपरेशनलाच भूल देणारे डॉक्टर कसेबसे तयार झाले होते. सर्जननी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “मॅडम, या बाईंना दुसरं ऑपरेशन झेपणार नाही. गोळा जाग्यावर राहिला पाहिजे.”

गंमत अशी की क्लिनिकमध्ये बाई उत्तम. वॉकर घेऊन ऐटीत चालायच्या. घरून येताना मात्र जांघ आखडलेली, मागचे स्नायू दुखरे. दर वेळी मी सोडवायचं आणि दर वेळी घरी जाऊन ते पुन्हा गुंतायचं. मध्ये एक आठवडा बाई एकदम ठणठणीत आल्या. त्याच्या आधी मी एक नवा स्ट्रेच दिला होता. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा येरे माझ्या मागल्या.

“बालाजी, घरी खरंच काही करत नाहीत ना?” मी त्यांच्या मुलाला विचारलं. त्याचं कळंबला कृषी केंद्र आहे, आईला तोच आणायचा.

“आई समदं ऐकायलीय मॅडम. अश्विनी काडीला हात लावू देत न्हाय तिला.” अश्विनी म्हणजे त्याची बायको.

बाई टेबलावरून उठताना माझं लक्ष लुगड्याकडे गेलं. डाव्या गुडघ्यापाशी एक मळका गोल डाग होता. बाकी लुगडं स्वच्छ. उजवा खुबा दुखावलेला माणूस जमिनीवर उतरला तर पहिल्यांदा डावा गुडघा टेकतो. म्हणजे बाई खाली बसत होत्या. पण कधी, कशासाठी आणि लपवत का होत्या?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न सांगता स्कूटीवरून त्यांच्या गावी गेले. न सांगता, कारण सांगून गेलं की घर परीक्षेला बसल्यासारखं वागतं.

सुमनबाई मधल्या खोलीत खुर्चीवरच बसल्या होत्या. उंच खुर्ची, वर घडी घातलेली वाकळ, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. शेजारी वॉकर. मांडीवरच्या ताटात शेंगा. अगदी पुस्तकात छापावं असं दृश्य. मी संडासची खुर्ची पाहिली, पलंगाची उंची पाहिली. सगळं बरोबर. अश्विनीनं चहा टाकला. मी खट्टू होऊन बसले.

तेवढ्यात अंगणातून कुणीतरी मोठ्यानं खाकरलं.

पुढचं इतक्या चटकन झालं की माझ्या हातातला चहा सांडला. सुमनबाईंनी ताट बाजूला सारलं, खुर्चीच्या कडेवरून घसरल्या, डावा गुडघा टेकला आणि उजवा पाय आत दुमडून भिंतीशी जमिनीवर बसल्या. डोक्यावरून पदर, मान खाली. जे जे करू नका म्हणून मी ओरडत होते, ते सगळं एका दमात.

दारातून काठी टेकत एक उंच, वाळलेले म्हातारे आत आले. मला नमस्कार केला, खोलीतून सरळ मागच्या दारानं गेले. मागं बाथरूम होतं. थोड्या वेळानं मागून खाकरण्याचा आवाज आला आणि ते पुन्हा खोलीतून अंगणात निंबाखाली गेले. सुमनबाई भिंतीला धरून, ओठ आवळून, पुन्हा खुर्चीवर चढल्या.

“हे काय होतं?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“मामा हायत ते. माझे सासरे.” त्या म्हणाल्या. जणू त्यातच सगळं आलं.

बाकी सगळं गाव त्यांना बप्पा म्हणतं. वय नव्वदीकडं झुकलेलं. सासऱ्यासमोर सुनेनं खुर्चीत बसायचं नाही, हे सुमनबाई लग्न होऊन आल्यापासून पाळत आलेल्या. पडण्याआधी त्या उठून बाजूला उभ्या राहायच्या. आता वॉकर धरून उभं राहायला वेळ लागतो. तोवर मामा येऊन ठेपायचे. खाली घसरणं त्यापेक्षा लवकर होतं.

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही जेवायचं इचारलं, संडासचं इचारलं. ह्येचं कुठं इचारलं?” त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

“आणि बप्पा दिवसातून किती वेळा आत येतात?”

चुलीकडून अश्विनी हसली. “लघवीचा तरास हाय ओ त्यांना. दिसभर येरझारा चालू असत्यात.”

“मधे एक आठवडा तुम्हाला बरं वाटलं होतं...”

“तवा मामा लोहाऱ्याला गेलते, वन्संकडं.”

माझ्या नव्या स्ट्रेचचं श्रेय तिथंच संपलं.

मी तरातरा निंबाखाली गेले. बप्पांना सगळं सांगितलं. गोळा, वाटी, कमजोर हृदय. ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. मला वाटलं होतं, म्हातारा अडून बसेल. झालं उलटंच.

“म्हंजी माझ्यापायी व्हायलंय का हे?” त्यांनी हनुवटी काठीवरून उचलली. “मॅडम, माझं पोरगं गेलं. म्हातारीबी गेली. ह्या लेकीनं घर वढलं, मला संभाळलं. म्या कधीच म्हणलं न्हाय तिला खाली बस म्हणून.”

“मग खाकरता कशाला?”

“आता बाया मानसं मोकळी ढाकळी बसल्याली असत्यात घरात. आवचित घुसू ने. माझ्या बापानं शिकिवलंय मला.”

ते खाकरत होते तिचा मान राखायला, ती खाली बसत होती त्यांचा मान राखायला. आणि मधे माझा खुबा कुटला जात होता.

बप्पा लगोलग दारात आले. “सुमन, खुर्चीवर बस. माझी आन हाय तुला.”

सुमनबाई पुन्हा खाली, पदर ओढून भिंतीशी. मान हलली, पण बाई हलल्या नाहीत. बप्पा गेल्यावर मला हळूच म्हणाल्या, “मॅडम, म्या काय मुद्दाम करते का? आंगच ऐकत न्हाय. आवाज आला की आपसूक खाली जातंय.”

हे मला पटलं. एक हालचाल जन्मभर केली की ती डोक्याला विचारून होत नाही. मी पेशंटमध्ये हेच घडवण्यासाठी महिनोन् महिने झटते. इथं ते आधीच घडलेलं होतं, फक्त माझ्या विरुद्ध बाजूला.

“चष्मा काढून ठेवू का घरात येताना? मला तसंबी काय दिसत न्हाय,” बप्पांनी बाहेरून सुचवलं.

“तुम्हाला न दिसून काय उपयोग, त्यांना तुम्ही दिसता ना,” मी म्हटलं.

मग मी सुचवलं की बप्पांनी खाकरूच नये. आवाज नाही तर धावपळ नाही. हा माझा सल्ला, आणि तो भलताच महागात पडणार होता. दोनच दिवसांनी अश्विनीचा फोन आला. बप्पा चोरपावलानं आत आले, सुमनबाईंना ते एकदम समोर दिसले, आणि दचकून त्या अशा काही घसरल्या की अश्विनीनं धरलं म्हणून वाचल्या. खुब्यात कळ आली होती. मी रातोरात म्हातारी झाले. एक्सरे काढायला लावला. गोळा जाग्यावर होता.

बालाजी म्हणाला, “बप्पांसाठी अंगणातच बाथरूम बांधतो.” बांधेल तेव्हा बांधेल. खुब्याला तेवढी सवड नव्हती.

त्या एक्सरेकडे बघत बसले असताना मला एक गोष्ट सुचली आणि हसूच आलं. आमच्याकडे एक व्यायाम असतो, सिट टू स्टँड. उंच खुर्चीवरून सावकाश उभं राहायचं, थोडं थांबायचं, सावकाश बसायचं. खुब्याच्या ऑपरेशननंतर याच्याइतका गुणकारी व्यायाम दुसरा नाही. सुमनबाई तो क्लिनिकमध्ये करायच्या, पण घरी साफ नकार. “बिनकामाच्या उठाबशा काढायला येडी झाले का म्या? बाया हसतील.” आणि इथं दिवसभर उठायचं खणखणीत कारण निंबाखाली बसलेलं होतं. काखेत कळसा आणि मी गावभर वळसा घालत होते.

सासऱ्यासमोर उभं राहिलेलं चालतं. कमी पडत होता तो फक्त वेळ. तो बप्पांकडे भरपूर होता.

मी दोघांना समोरासमोर घेतलं, म्हणजे बप्पा दारात आणि सुमनबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या.

“बप्पा, खाकरायचं. पण अंगणातूनच, लांबून. मग तिथंच थांबायचं. आत वॉकर टेकल्याचा ठक आवाज आला की मगच पाऊल टाकायचं. मागच्या दारानं परत येतानाही तसंच. सुमनबाई, आवाज आला की वॉकर धरून सावकाश उभं राहायचं. घाई करायची नाही. मामा थांबलेत.”

सुमनबाई कुजबुजल्या, “मामास्नी उनात ताटकळत ठिवू?”

“मी व्हय म्हणतोय ना,” बप्पा दारातूनच बोलले. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणत म्हणाले, “पर मॅडम, कवा कवा दम निघत न्हाय ओ.”

“मग लागायच्या आधीच निघायचं.”

त्यांनी यावर बराच विचार केला. शेवटी मान डोलावली. लघवीवर ताबा ठेवायला डॉक्टरही हेच सांगतात, जोर यायची वाट न पाहता ठरावीक वेळानं जायचं. पण त्यासाठी मी तिथं गेले नव्हते, तो वरचा नफा.

सुरुवातीचे दिवस अवघड गेले. एकदा बप्पांना दम धरवला नाही आणि धोतर बदलावं लागलं. त्यांनी तक्रार केली नाही, सुमनबाईच रडल्या. पण हळूहळू ताल जमला. जांघ सैल पडत गेली. मांडीला जोर आला. वॉकर सुटून हातात काठी आली, ठक आवाज आता तिचा यायचा. सोलापूरला तपासणीला गेल्यावर सर्जननी मला फोन केला.

“स्नायू फार छान तयार झालेत. घरी इतका नियमित व्यायाम कसा करून घेतला?”

“घरात सासरे आहेत,” मी म्हणाले. त्यांना काही कळलं नाही आणि मीही फोनवर समजावलं नाही.

शेवटच्या होम व्हिजिटला गेले तेव्हा मी आत सुमनबाईंशी बोलत होते. अंगणातून खाकरणं ऐकू आलं. सुमनबाई उभ्या राहिल्या, झटक्यात, कशालाही न धरता. मी इतकी खूश झाले की टाळी वाजवणार होते. पण बप्पा काही आत येईनात. थोडा वेळ गेला. मी दारातून डोकावले. म्हातारा भर उन्हात काठीवर रेलून उभा, कान आमच्याकडे लावून. ठक आवाज आलाच नव्हता. येणार कसा, वॉकर माळ्यावर गेला होता आणि काठी भिंतीला टेकलेली होती.

मी हाक मारणार तोच माझ्या मागून आवाज आला. मोठा, स्पष्ट. लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईनं सासऱ्याला कधी थेट हाक मारली नव्हती, तिचा आवाज.

“या मामा! उभी हाय म्या. उनात नका थांबू.”

बप्पांनी काठी उचलली. मग घसा साफ करत, डोळे पुसत आत आले आणि न थांबता मागच्या दारानं निघून गेले. त्यांना खरंच घाई होती.

तेव्हापासून नव्या पेशंटच्या घरी गेले की मी खुर्चीची उंची मोजतेच. पण त्या खुर्चीवरून उठायला लावणारं घरात कोण कोण आहे, ते आधी विचारते.