देवीने सहा वेळा हो म्हटलं

देवाबद्दल मला आयुष्यात कधी शंका आली नाही. माझ्या साऱ्या शंका गॅसच्या शेगडीबद्दल होत्या. शेगडी बंद केली का, दाराला कुलूप लागलं का, पाण्याचा नळ टपकतोय का. पंचवीस वर्षांपूर्वी सांगलीकडून नोकरीसाठी इथे चेन्नईजवळच्या आवडी या गावी कारखान्यात आलो, तेव्हापासून माझं काम तयार माल तपासण्याचं. माप घ्यायचं, पुन्हा घ्यायचं, मग शिक्का मारायचा. या कामात संशयी स्वभाव हा गुण मानतात, आणि मी गुणी म्हणून नावाजलेला होतो. त्यामुळे हा गुण घरी शिरला तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सकाळी कामाला निघालो की क्वार्टर्सच्या फाटकापासून मी परत यायचो. शेगडी बघायची, कुलूप ओढायचं, निघायचं. पुढे दोनदा यायला लागलो, मग चारदा. बायको घरातच असताना मी बाहेरून कुलूप ओढून बघत असे, यावरून आमच्या घराची अवस्था ध्यानात यावी. हळूहळू कारखान्यातही तसंच झालं. एकाच नगाचं माप वीस वेळा घेऊनही शिक्क्यावर हात जाईना. झोप गेली, जेवण गेलं, पँटच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. चेन्नईतच वेलचेरीला राहणारी माझी मुलगी एका रविवारी आली, माझ्याकडे दोन तास नुसती बघत बसली आणि म्हणाली, “बाबा, सवय जगण्याच्या आड यायला लागली की ती सवय नसते, आजार असतो. आपण मनोविकारांच्या डॉक्टरांकडे जाऊ या.”

मला राग आला. मी रोज पहाटे स्तोत्रं म्हणणारा माणूस, मला कसला मनाचा आजार? नामस्मरण करूनही मन ताळ्यावर येत नसेल तर नामस्मरणात खोट असणार, असं वाटून मी जप दुप्पट केला. मग जप मोजताना चुकला की काय, या शंकेने तो पुन्हा पहिल्यापासून केला. शिवाय गोळ्यांची धास्ती होती. त्या म्हणे कायमच्या चिकटतात, माणूस दगड होतो, आरतीला उभ्या उभ्या झोप लागते. ही सगळी माहिती मला आमच्या कॅन्टीनमध्ये मिळाली होती, जिथे कोणीही अशी गोळी कधी घेतलेली नव्हती.

शेवटी मी ठरवलं की हा निर्णय देवीवर सोपवावा. आमच्या क्वार्टर्सच्या मागे अम्मनचं लहानसं देऊळ आहे. आपल्याकडे जसा कौल लावतात तशी इकडे फुलांची रीत आहे. पानाच्या दोन सारख्या पुड्या करायच्या, एकीत पांढरं फूल, दुसरीत लाल. त्या देवीपुढे ठेवायच्या, मनातला प्रश्न सांगायचा आणि एक उचलायची. पांढरं निघालं तर हो, लाल निघालं तर नाही. एका मंगळवारी संध्याकाळी मी हात जोडून विचारलं, “आई, डॉक्टरकडे जाऊ का?” पुडी उघडली. पांढरं फूल.

आता खरा भक्त असता तर तिथूनच रिक्षात बसला असता. पण मी पडलो तपासनीस. एका नगावर अख्खा लॉट पास करणं आमच्या धंद्यात पाप आहे. पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारलं. पांढरं. तेव्हा मनात आलं, पांढऱ्या फुलाची पुडी हाताला जड लागत असेल. तिसऱ्या खेपेला दोन्ही फुलांच्या पाकळ्या मोजून सारख्या केल्या. पांढरं. चौथ्या मंगळवारी मी अटच उलटी केली. लाल निघालं तर जायचं, पांढरं निघालं तर नाही. देवीला कळणार नाही असं मला वाटलं की काय, कोण जाणे. लाल निघालं. पाचव्या खेपेला पुजाऱ्यांकडून उचलवलं, सहाव्याला डोळे मिटून डाव्या हाताने उचललं. दोन्ही वेळा हो. इतकी निर्दोष तपासणी माझ्या साऱ्या नोकरीत झाली नसेल, आणि तरी माझ्याने शिक्का मारवेना.

या सगळ्या काळात मी देवीशी मोठ्याने बोलत असे. इतकी वर्षं तमिळ मुलखात राहून आम्हा मराठी माणसांना एक खोड लागते. आपलं कोणाला कळत नाही असं धरून आपण बसमध्ये, बाजारात, देवळात काहीही खुशाल बोलतो. मीही बोलायचो. शेगडीचं सांगायचो, कुलपाचं सांगायचो, सासुरवाडीच्या लोकांबद्दल दोन शब्द सांगायचो. ओट्यावर एक म्हाताऱ्या बाई देवीसाठी हार गुंफत बसलेल्या असत. नऊवारी नाही की काही नाही, कांचीचं जुनं पातळ, नाकात दोन्हीकडे चमक्या, कपाळाला विभूती. त्यांच्याकडे मी देवळाच्या खांबाइतकंही लक्ष दिलं नव्हतं.

सातव्या मंगळवारी मी पुड्या घेऊन गेलो तेव्हा फार थकलो होतो. आदल्या संध्याकाळी आवडी स्टेशनच्या जिन्यावर बसलो असताना मनात आलं होतं की आपण नसतोच, तर हे सगळं तपासायचंही उरणार नाही. तो विचार इतका शांतपणे आला की मी घाबरलो. घरी कोणाला सांगायची हिंमत झाली नाही. देवीला सांगितलं. म्हणालो, “आई, मी नसतोच तर बरं, असं वाटायला लागलंय. पण रागावू नकोस, खात्रीसाठी शेवटचं एकदा विचारतो.”

“थांबा हो अप्पा,” मागून आवाज आला. “सहा वेळां तीने हो म्हणून सांगिटलें तुम्हांस. आणखी किती पुसणार?”

माझ्या हातातल्या पुड्या खाली पडल्या. हारवाल्या बाई उठून उभ्या होत्या. “तुम्हाला... मराठी येतं?” मी विचारलं.

“आम्हीं तंजावूरचीं. तीनशें वर्षें हेंच बोलत्यों. तुम्ही काल आलेत.” त्या माझ्याजवळ आल्या. मराठी जुन्या कागदांतून उठून आल्यासारखी, चाल मात्र पुरती तमिळ. “शेगडीचें ऐकिलें, कुलपाचें ऐकिलें, तुमच्या बाईलेच्या भावाचेंही ऐकिलें. मी कांहीं बोललें नाहीं. पण आज जें म्हणाला, तें ऐकून मज बसवेल कसें?”

मला देवीपुढे जितकी लाज वाटली नव्हती तितकी त्या क्षणी वाटली. मेहुण्याबद्दलचं तर विशेष. पण बाईंना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी खाली पडलेल्या पुड्या उचलल्या, माझ्या देखत दोन्ही उघडल्या आणि लाल-पांढरी दोन्ही फुलं आपल्या हारात गुंफून टाकली. मग हार गुंफतच सांगितलं की त्या शाळेत गणित शिकवत. यजमान गेल्यावर फळ्यापुढे उभ्या राहून रडू फुटायचं, वर्गातल्या मुली घाबरायच्या. “मीही मात्तिरै घेत्यें. मनाची. नऊ वर्षें झालीं.” मात्तिरै म्हणजे गोळी. “ती घेऊनच इकडे येत्यें. ही अम्मा एकदांही पुसली नाहीं, काय म्हणून घेतेस म्हणून.”

“पण मी घरी जाऊन नीट विचार करून...” मी म्हणालो.

“विचार तुम्ही पुष्कळ केलात. आतां फोन करा. मजपुढे. सरी?” सरी म्हणजे ठीक.

मी मुलीला फोन केला. जिन्यावर काय मनात आलं होतं तेही सांगितलं, कारण बाई समोर उभ्या राहून ऐकत होत्या आणि मला वगळायला जागा नव्हती. मग ती म्हणाली, “बाबा, तिथेच बसा. मी निघाले.” ती येईपर्यंत बाईंनी मला फुलं निवडायला बसवलं आणि माझी निवड किती संथ आहे यावर दोनदा बोलल्या.

दुसऱ्याच दिवशी मी, बायको आणि मुलगी असे आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंपुढे होतो. रोज किती वेळा तपासता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सतरा. बायको म्हणाली, एकतीस. डॉक्टरीणबाईंनी एकतीस लिहून घेतलं. जिन्यावरचा विचारही त्यांनी सरळ विचारला, मीही सरळ सांगितला, आणि आभाळ काही कोसळलं नाही. हा ओळखीचा आजार आहे, गोळीने आणि बोलण्याच्या उपचाराने कमी होतो, पण गोळीचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने थांबवायची नसते, असं त्यांनी समजावलं. जिन्यावरचा विचार पुन्हा आला तर त्याच घटकेला फोन करायचा, हेही बजावलं. घरी येऊन मी गोळ्यांसोबतचा बारीक अक्षरांचा कागद भिंग लावून वाचला. चक्कर आणि मळमळ दोन्ही लगेच सुरू झाली. गोळी अजून पाकिटातच होती.

पहिले पंधरा दिवस पोट बिघडलं, तोंड कोरडं पडलं. दगड वगैरे झालो नाही. आरतीला झोप आली नाही, उलट इतक्या वर्षांत प्रथमच आरती सुरू असताना आरतीच ऐकू आली. दर आठवड्याला बोलण्याचा उपचार करणाऱ्या एक तरुण बाई मला परत न फिरता पुढे जायचा सराव करायला लावत. तो सराव गोळीपेक्षा कडू होता.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी मी कारखान्यात माप घेत असताना बायकोचा फोन आला. “पोहोचलात?” तिचा आवाज घाबरलेला होता. “हो, केव्हाच.” “मग परत का नाही आलात?”

मी आठवून पाहिलं. फाटक कधी ओलांडलं तेच मला आठवेना. “विसरलो,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “मी ताट वाढून थांबले होते. तुमच्या फेऱ्या संपेपर्यंत मी कधी खातच नाही. मधेच दार उघडायला उठावं लागतं ना.” मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी शेगडी बघायला परत येत होतो आणि ती स्वयंपाकघरातच उपाशी उभी होती, ती मला एकदाही दिसली नाही.

“मग आता खाऊ मी?” तिने विचारलं.

“खा,” मी म्हणालो, आणि हातातलं माप खाली ठेवून रडलो. देवीने माझं संकट एका फुलात संपवलं नाही. तिने मला एक उत्तर दिलं, ते मी घेतलं नाही म्हणून आणखी पाच वेळा दिलं, आणि तरीही ऐकेना म्हटल्यावर माझ्याच भाषेत बोलणारं माणूस उठवून उभं केलं. शरण जाणं म्हणजे आणखी काही मोठं असेल तर ते मला ठाऊक नाही. मिळालेलं उत्तर घ्यायचं आणि निघायचं, इतकंच मला जमलं. तेही उशिरा, दुसऱ्यांच्या आधाराने. त्या सकाळी माझी बायको ताट पुन्हा गरम करून, बसून जेवली.