एक गोळी कमी

“पाच! पाचच हायत! सहा पायजेत, नि हायत पाच!”

दादा ओरडत होता. आमचा दादा ओरडला की आमच्या खरवईतून उडालेले कावळे पलीकडचं जांभूळ गाव ओलांडल्याशिवाय कुठे टेकत नाहीत. सकाळचे साडेसात वाजले होते. टेबलावर स्टीलचं ताट, ताटात पाच पांढऱ्या कॅप्सूल आणि शेजारी उपडी केलेली प्लास्टिकची डबी. दादाने त्या तोवर नऊ वेळा मोजल्या होत्या. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा चष्मा काढून. दर वेळी पाच. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वहिनी, म्हणजे दादाची बायको, बोटं वाकडी झालेले हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. साडेदहाला ती डबी घेऊन आम्हाला हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं, आणि तिथे तिचं नाव राहतं की कटतं ते ठरणार होतं.

आधी त्या हातांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे भाकरी म्हणजे तांदळाची. वहिनी अशी भाकरी थापायची की तव्यावर टाकण्याआधी तिच्यातून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यायचं. मी स्वतः एकदा तिच्या भाकरीतून संकष्टी कधी आहे ते वाचलं आहे. हळदीच्या जेवणाला पाच गावांतून तिला बोलावणं यायचं. लोक नवऱ्यामुलाला विसरायचे आणि भाकरीची चौकशी करायचे. मग संधिवात आला. आधी सकाळी बोटं आखडायची, मग दिवसभर. आता नळ उघडायचा तर ती मनगटाने ढकलते. तिची वेणी दादा घालतो, आणि दादाने घातलेली वेणी म्हणजे ट्रॅक्टर ओढायचा दोर. एका औषधाने गुण येईना, दुसरं पोटाला सोसेना. डॉक्टर फाइल चाळायचे आणि “बघू” म्हणायचे. तीन वर्षं आम्ही त्या “बघू”वर काढली.

अशात कळलं की आमच्या बाजूच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात नव्या औषधांच्या चाचण्या सुरू होणार आहेत आणि त्याची माहिती द्यायला डॉक्टर अंबरनाथ पश्चिमेला एका हॉलमध्ये येणार आहेत. आम्ही तिघं गेलो. चाचण्या तीन होत्या: एक सांध्यांच्या आजारासाठी, एक शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमांसाठी, एक जुन्या दम्यासाठी. बोलायला उभ्या राहिल्या त्या डॉक्टरबाई इतक्या हळू बोलायच्या की पंखे बंद करावे लागले.

“औषध लागू पडतं की नाही हे अजून आम्हालाही पक्कं माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर चाचणी. पडतंच असं माहीत असतं तर दुकानातच नसतं का मिळालं?”

मागून एक आजोबा उठले. “म्हणजे आमी उंदीर?”

“उंदरांचं झालं, आजोबा. उंदराला सही करता येत नाही. तुम्हाला येते. आणि केलेली सही कधीही मागे घेता येते. कारणसुद्धा सांगायचं नाही. तुमचे नेहमीचे उपचार त्याने थांबत नाहीत.”

आजोबा बसले, पण उंदराचा अपमान झाल्यासारखा चेहरा करून.

मग त्यांनी रीत समजावली. निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच पण आत औषध नसलेली. नेहमीची औषधं दोघांचीही चालूच. कुणाच्या वाट्याला काय, ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकून ठरवणार, आणि ते ना रुग्णाला कळणार, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. नाहीतर मन धावतं. नवी गोळी मिळाली असं कळलं की माणसाला उगाच बरं वाटतं, आणि डॉक्टरलाही तो बरा दिसायला लागतो. मी शेजारच्या माणसाला सोप्या भाषेत सांगितलं, “लग्न लागणार, पण अंतरपाट शेवटपर्यंत खाली यायचा नाही.” तो घाबरून दोन खुर्च्या पलीकडे सरकला.

वहिनीच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, मराठीतलं संमतिपत्र एका मुलीने ओळ न् ओळ वाचून दाखवलं, वहिनीने दोन्ही हातांनी पेन धरून सही केली. नातेवाईक साक्षीदार म्हणून माझं नाव. आणि मग सरावाचे दोन आठवडे. डबीत वीस गोळ्या. चौदा खायच्या, रोज एक. सहा परत आणायच्या. या डबीत औषध असेलच असं नाही, ती मुलगी म्हणाली, हे दोन आठवडे आम्ही गोळीला नाही, माणसाला तपासतो. हरवली, सांडली, विसरली, काही झालं तरी डायरीत लिहायचं. रोज साक्षीदाराने सही करायची. खरं सांगतो, मी त्या सह्या दर रविवारी बसून एकदम सात-सात करत असे.

आता सहाच्या जागी पाच होत्या. म्हणजे कागद काय सांगणार? बाईने एका दिवशी दोन खाल्ल्या आणि लपवलं.

“दोन खाल्ल्यास का गो?” दादा.

“नाय.”

“मग गोली कुठं गेली? पाय फुटलं तिला?”

आम्ही घर उलथं केलं. फ्रिज सरकवला, त्याच्यामागे तीन चमचे आणि आमच्या लग्नातला एक फोटो सापडला, गोळी नाही. कोंबड्यांचं खुराडं झाडलं. दादाने मोरीच्या पाइपला पाना लावला तेव्हा वहिनी पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली.

“पाइप नका खोलू. गावदेवीला ठेवली.”

दादाचा पाना तसाच हातात.

आमच्यात काहीही नवं घरात आलं की पहिला वाटा गावदेवीचा. नव्या भाताची पहिली मूठ, झाडाचा पहिला आंबा, पोराच्या पहिल्या पगाराचा नारळ. आमच्या चुलतभावाने एसी घेतला तेव्हा त्याचा रिमोट दोन तास देवीच्या पायांशी होता. तसंच वहिनीने पहिल्या दिवशी डबी उघडली, पहिली गोळी देवळात नेऊन पानावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि दुसरी आपण खाल्ली. यात तिला चुकल्यासारखं काहीच वाटलं नव्हतं.

“अगं, त्यांनी मोजून दिल्या व्हत्या!”

“व्हय ना. चौदा माझ्या, नि सहा जास्तीच्या. मना वाटलं, जास्तीच्या त्याच्यासाठीच दिल्यात. सगली पहिली देवीला देत असतील म्हनून.”

दादा चप्पल न घालता देवळाकडे पळाला. बारा मिनिटांनी रिकाम्या हाताने परत. देऊळ झाडणाऱ्या बाईने सांगितलं म्हणे, पंधरा दिवसांत पंधरा वेळा झाडलंय, गोळी कसली शोधतोस, इथं पडलेलं मंगळसूत्रसुद्धा आठवड्याच्या आत शोधायला येतात लोक.

आम्ही गाडीत बसलो तेव्हा सव्वाआठ. दादा चालवत होता आणि प्रत्येक खड्ड्याला जबाबदार धरून शिव्या देत होता. वहिनी मागे, डबी दोन तळहातांमध्ये दाबून. अंबरनाथ आलं. मी मात्र विचार करत होतो, आणि मी विचार करायला लागलो की घरातली माणसं देवाचं नाव घेतात.

“दादा, गाडी उल्हासनगरात घे. कॅम्प दोन.”

“कनाला? काय काम हाय?”

“अरे, उल्हासनगरात माणूस सोडून सगळ्याचं हुबेहूब मिळतं. एक पांढरी गोळी नाही मिळणार?”

दादाने आरशात माझ्याकडे पाहिलं. गाडी वळवली. यावरून तो किती घाबरला होता ते समजा.

कॅम्प दोनमध्ये माझा शाळेतला सिंधी दोस्त आहे, जीन्सचं दुकान. त्याला माहीत नाही असा माणूस त्या बाजारात नाही, आणि त्याला न मिळणारी वस्तू अजून बनायची आहे. शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत शिरलो, डबीतली गोळी दाखवली, काम सांगितलं. त्याने ती हातातसुद्धा घेतली नाही.

“साईं, जूता बोल, घडी बोल, पँट बोल, विदेश का ठप्पा मार के देता हूँ. दवाई का नहीं.”

“खायची नाहीये रे, नुसती मोजायला दाखवायचीये!”

“दिखाने के बाद वो किधर जाएगी, तेरे को मालूम है? मेरी माँ रोज सात गोली खाती है. चल, चाय पी, और निकल.”

चहा न पिता निघालो. सव्वानऊ.

हॉस्पिटलच्या त्या खोलीबाहेर एकच बाक होतं. आमच्या शेजारी एक बाई बसली होती, आपल्या मुलीला घेऊन. मुलगी पंचविशीची असेल, हात वहिनीसारखेच. तिची आई आपणहून म्हणाली, “आमचं नाव वेटिंगला आहे. आतली जागा रिकामी झाली तर बोलवतील.” वहिनीने तिच्याकडे पाहिलं, मग डबीकडे. मला घाम फुटला. एवढा की बाकावरून उठलो तर माझा आकार तिथे उमटला असता.

नाव पुकारलं. आत तीच मुलगी, संमतिपत्र वाचणारी. तिने हातमोजे घातले, डबी एका निळ्या ट्रेमध्ये ओतली आणि पट्टीने एकेक गोळी बाजूला केली. एक. दोन. तीन. चार. पाच. पट्टी सहाव्यासाठी पुढे गेली आणि हवेत थांबली.

“एक कमी आहे.”

दादाने छताकडे पाहिलं. वहिनीने तोंड उघडलं. आणि तिच्याआधी मी बोललो.

“कोंबडी!”

“काय?”

“मॅडम, कोंबडीने खाल्ली. गावठी. वहिनी गोळी घेत होती, गोळी निसटली, आणि ही कोंबडी अशी झेपावली की घार लाजेल. आम्ही चौघं मागे धावलो, ती आधी पेरूवर, पेरूवरून पत्र्यावर...”

मुलगी शांतपणे लिहीत होती. हेच भयंकर होतं. मी बोलतोय आणि ती सगळं लिहितेय.

“कोणत्या दिवशी?”

“मंगळवारी.”

“मंगळवारी डायरीत तुमची सही आहे. गोळी घेतली, असं.”

“ती... दुसरी गोळी घेतली ना मग.”

“मग निसटलेलीची नोंद?”

“त्या गडबडीत राहिली.”

“कोंबडी कशी आहे?”

“ठणठणीत! अंडी दुप्पट!”

तिने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. वहिनीकडे वळली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही सांगा.”

वहिनीने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर ती आई बसली होती, तिची मुलगी बसली होती, आणि मध्ये फक्त एक दार. मी वहिनीच्या पायावर हळूच पाय दिला. तिने पाय काढून घेतला.

“कोंबडीने नाय खाल्ली,” ती म्हणाली. “पहिल्या दिशी गावदेवीला ठेवली. चौदा मी खाल्ल्या. मना ठाव नव्हतं तशी ठेवायची नाय.”

मुलगी उठली, कागद घेतले आणि आतल्या दाराने गेली. दार मिटलं. किती वेळ गेला म्हणाल तर घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं. माझ्याप्रमाणे तेवढ्यात बदलापूरचे सगळे टॉवर पुन्हा एकदा बांधून झाले असते. दादाने ट्रेमधल्या गोळ्या लांबूनच पुन्हा मोजल्या. वहिनी आपली बोटं एकेक सरळ करायचा प्रयत्न करत होती. एकही होत नव्हतं.

हॉलमधल्या त्याच डॉक्टरबाई आल्या. हातात माझी कोंबडी. म्हणजे तो कागद.

“एक गोळी देवळात गेली म्हणून कुणाचं नाव कटत नाही,” त्या नेहमीसारख्या हळू म्हणाल्या. “हे दोन आठवडे त्याच्यासाठीच होते. पुढे हे औषध बाजारात आलं, तर किती द्यायचं ते या कागदांवरून ठरणार. इथे कोंबडीच्या पोटातली गोळी काकूंच्या नावावर पडली, किंवा देवीची कोंबडीच्या, तर उद्या चुकीचं माप कुण्या तिसऱ्याच्या पोटात जाणार. रक्त ठीक आहे काकूंचं. नाव राहील. चिठ्ठी पुढच्या आठवड्यात. काय निघेल ते मलाही कळणार नाही.”

दादाचा श्वास सुटला तो टायर पंक्चर झाल्यासारखा. वहिनीने डोळे मनगटाने पुसले.

“फक्त एक,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “साक्षीदार बदलायचा.”

त्या मुलीने माझं नाव असलेल्या ओळीवर रेघ मारली. जाड नाही, बारीक, सरळ, आतलं वाचता येईल अशी. तसाच नियम असतो म्हणे. शेजारी दादाचं नाव लिहिलं, तारीख टाकली. बाहेर आलो तेव्हा त्या बाकावरची आई आमच्या चेहऱ्यांकडे पाहून लगेच समजली. तिने मुलीची ओढणी नीट केली. वहिनी तिच्यापाशी थांबली, काही बोलावंसं तिला वाटलं असावं, पण नुसता तिच्या खांद्याला हात लावून पुढे झाली.

गाडीत बसल्यावर मला राहवलं नाही. “वहिनी, तुझ्यासाठीच बोललो ना मी! तुझं नाव कटू नये म्हणून! इतकी चांगली कोंबडी मी कुणासाठी उभी केली? आणि तू त्या मुलीसमोर मला तोंडावर पाडलंस.”

वहिनी खिडकीबाहेर पाहत होती.

“भावोजी, पुढच्या येली तुमी गाडीतच बसा.”