एसटीत उभे राहिलेले गृहस्थ

मुलांनो, "बरं वाटतंय, गोळ्या बंद केल्या" असं तुम्ही फोनवर म्हणालात की मला एक गृहस्थ आठवतात. महागावहून यवतमाळला येताना एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी ते दांडा धरून उभेच होते. मी दोनदा सरकले.

"राहू द्या जी बाई," म्हणाले, आणि मोकळ्या हाताने हवेत फवारणी करत त्यांचं बोंडअळीवरचं भाषण पुन्हा सुरू झालं. "अर्धा डोस माराल तं कमजोर अळी मरते. दांडगी उरते, अन् तिचीच पोरं साऱ्या वावरात होतात. मंग औषध चालतच नाई."

"अन् तुमच्या फोडाचं काय?" समोर ऐसपैस बसलेली त्यांची बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बसाच्या जागेवर फोड हाय, बाई. दोन गोळ्यांनी बरं वाटलं का उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतेत, पुढच्या टायमाले. आता डॉक्टर म्हणते, त्या गोळ्या लागूच होत नाई, मोठ्या दवाखान्यात जा."

सगळी बस हसली. त्यांचा हात मात्र हवेतच थांबला.

"म्हणजे माह्या फोडातबी दांडगेच जंतू उरले?" ते हळूच म्हणाले. "मोठ्या दवाखान्यातलं नवं औषध लागू पडन ना वं?"

"पडन. पण पुरं खा लागन," बायको म्हणाली. "मी समोर बसून चारीन. तुम्ही उभ्यानंच खाजा."