सासूबाईंचा ठेंगू माड

खराडीत राहायला आलो त्या वर्षी सासूबाईंनी सोसायटीच्या बागेत माडाचं रोप लावलं. शनिवार पेठेत सगळा जन्म दुकानातल्या नारळांवर काढला, आता एकदा तरी गणपतीचे मोदक आपल्या माडाच्या खोबऱ्याचे करायचे, एवढीच त्यांची इच्छा. बाकी देवाकडे काही मागणं नाही म्हणत. मला ते खरं वाटत नाही, पण असो.

माड ठेंगूच राहिला. माणसाएवढा होतोय न होतोय तोच केशरी फळांनी लगडला. शेजारच्यांनी विचारलं, "आजी, एखादं शहाळं काढू का?" सासूबाई म्हणाल्या, "शहाळी कोपऱ्यावर मिळतात." फळं पार सुकेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी नवऱ्याने कोयत्याशी झटापट करून नारळ सोलले. फोडून बघतो तर खोबरं पातळ आणि चामट. सगळे खवून वाटीभर भरलं. सासूबाई आत जाऊन पडल्या. फार वाईट वाटलं मला. शेवटी कोपऱ्यावरूनच नारळ आणले.

नारळ म्हणजे नारळ, असाच माझा आजवरचा समज. आता मात्र चैन पडेना. विचारत, वाचत सुटले. रानातला मूळचा नारळ म्हणे लांबोडा, जाड काथ्याचा. समुद्रावर तरंगत दूर जायचं तर काथ्या हवाच. माणसाच्या हाती लागल्यावर त्याची रूपं पालटली. कुणाला पाणी हवं होतं, त्याने गोल, पाणीदार फळं निवडून लावली. कुणी तेलासाठी जाड खोबऱ्याची जपली, कुणी दोरासाठी काथ्याची. कुणी हात पोचेल असा बुटका माड राखला. ज्याला जे हवं, तेच त्याने पुन्हा रुजवलं. आमचा केशरी ठेंगू पाण्यासाठी जपलेला. त्याच्याकडे मोदकाचं खोबरं मागणं म्हणजे शेवग्याच्या लाकडाचा पाट करायला सांगणं.

हे सगळं मी सासूबाईंना मोठ्या उत्साहाने ऐकवलं. वर म्हटलं, "आई, रोपवाल्याने फसवलं तुम्हाला. उंच जातीचं द्यायला हवं होतं त्याने."

"फसवतोय कशाला," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "उंचच दाखवत होता तो. पण त्याला फळ धरायला फार वर्षं लागतात म्हणाला. मीच सांगितलं, माझ्या हयातीत धरेल असं दे."

एवढं वाचलं, पण हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

यंदा सासूबाईंनी स्वतःच्या हाताने एक शहाळं उतरवलं आणि गणपतीपुढे ठेवलं. मोदकांना नारळ दुकानातलेच. आरती झाल्यावर शहाळ्यातलं पाणी त्यांनी मला पेल्यात ओतून दिलं. खूप गोड होतं.

"अगं, आता उंचातलं एक लावून घे," त्या म्हणाल्या. "तुला थांबता येईल."

मला एकदम रडू आलं.