पाडव्याच्या पहाटेची वीस मिनिटं

दिवाळी पहाटेचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. आमच्या कॉलेजच्या गावात सुट्ट्या लागल्या की होस्टेलं रिकामी होतात, चहाटपरीवाले माशा मारत बसतात, आणि मागे उरलेल्या शहाण्यासुरत्या मंडळींना संस्कृतीची उचकी लागते. प्राध्यापक, डॉक्टर, वकील, दोन-तीन रिटायर्ड साहेब. पाडव्याला पहाटे पाच वाजता कॉलेजच्या सभागृहात शास्त्रीय गायन, मग मांडवात फराळ, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याकडचं एखादं संगीत नाटक. सगळं छान असतं. गाणंही छान असतं, उगाच खोटं कशाला बोलू? माझा राग गाण्यावर नाही.

मी त्या समितीत कशी शिरले ते आधी सांगते. मी वीस वर्षं झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या मुलखातल्या नाटकांत काम केलं. धान कापून झालं की रिकाम्या बांधीत, धानाच्या शेतातच, मंच उभा राहतो, वडशाहून नाटक कंपन्या निघतात, आणि होळीपर्यंत आमच्याकडची गावं नाटकं बघत असतात. तिथे मी गाणारी नायिका होते. गुडघे गेले, मग थांबले. समितीला एक ‘स्थानिक चेहरा’ हवा होता, म्हणून निवेदनाला मला घेतलं. ‘झाडीपट्टी’ म्हणताना त्या लोकांच्या ओठाच्या कोपऱ्यात एक हसू यायचं, लहान पोर बोबडं बोललं की येतं ना, तसलं. ते हसू मी तीन वर्षं गिळलं आणि तीन वर्षं एकच रेटा लावला, की आपल्या ऑर्गनवाल्या भाऊंना एकदा गायला बसवा.

भाऊ चाळीस वर्षं ऑर्गन वाजवतात. आमच्या नाटकात वादक मंचाच्या पुढे खाली बसतात, तोंड नटांकडे आणि पाठ लोकांकडे. भाऊंची पाठ सिरोंच्यापर्यंत ओळखतील, चेहरा कोणी ओळखायचं नाही. आणि त्यांचं काम नुसतं वाजवणं नव्हतंच. नटाचा दम गेला, सूर सुटला, की ती ओळ भाऊ खालून स्वतः उचलायचे. आवाज बारीक, वरच्या पट्टीतला, बाईमाणसाच्या गळ्यातसुद्धा मिसळून जाईल असा. आता टीव्हीवरचे हिरो येतात. त्यांना सा म्हणजे काय ते ठाऊक नसतं, त्यांची अख्खी पदं भाऊंनी गायली आहेत आणि लोकांनी टाळ्या हिरोला दिल्या आहेत. माझंही तेच. आलापल्लीजवळच्या एका गावात तापाने माझा घसा पार बसला होता. मी नुसते ओठ हलवले. पदाला वन्समोअर आला, तो मी वाकून नमस्कार करून घेतला. भाऊंनी मान वळवून लोकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

चौथ्या वर्षी समिती कबूल झाली. वीस मिनिटं, पाहुण्या बुवांचं गाणं झाल्यावर आणि फराळाच्या आधी. मी म्हटलं, अहो, बुवांच्या नंतर कोण थांबणार? तर बुवांना ललत गायचा होता, तो उजाडायच्या आत व्हायला हवा, म्हणून ते आधी. भाऊंची काही तक्रार नव्हती. ‘ज्याइले बसाचं ते बसतीन,’ म्हणाले. नाटकाच्या पोस्टरवर त्यांचं नाव कायम तळाला, भिंग लावून वाचावं असं. इथे पत्रिकेवर ‘गायन’ या शब्दाखाली त्यांचं नाव छापलं होतं. ती पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी गावभर दाखवली. महिनाभर जोगिया घोटला. सत्तरीला आलेला माणूस, पण परीक्षेला बसल्यासारखा रोज मला फोन करून विचारायचा, आलाप जास्त तर नाही ना होत, बाई?

पाडव्याला वैनगंगेपलीकडून त्यांच्या गावची माणसं टेम्पो भरून आली. मफलरी गुंडाळून मागच्या तीन रांगांत बसली. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, नवं लुगडं नेसून मधोमध. पुढच्या रांगांतल्या बायका मागे वळून बघत होत्या, की हे लोक कसे काय आले बाप्पा? अरे, गाणं ऐकायला आले, दुसरं कशाला येतील!

साडेचारला समितीचे अध्यक्ष धावत आले. बुवांचा पेटीवाला नागपुरातच तापाने पडला होता. आता पेटीला तुम्हीच बसा म्हणावं भाऊंना. भाऊ लगेच हाव म्हणाले. मेकअपच्या खोलीत बुवांनी पट्टी सांगितली, भाऊंनी मान डोलावली, झाली तालीम. ज्या माणसाला तीन वर्षं गायला बसू दिलं नव्हतं, त्याच्या जिवावर त्या पहाटेचं सगळं गाणं उभं होतं, आणि मला निवेदनात त्यांचं नाव सांगायला मिळालं ते ‘संवादिनीसाथ’ म्हणून. तेही मी आपल्या मनाने घुसवलं, कागदावर नव्हतं.

ललत सुरेख झाला. भाऊंनी इतकं सांभाळून वाजवलं की बुवांनी दोनदा त्यांच्याकडे बघून मान हलवली. मग उजाडलं. दारातून धुकं आणि गारवा आत येत होता, आणि पुढच्या रांगेतून नाट्यपदाची फर्माईश आली. बुवांनी पद घेतलं. अंतऱ्यात वरच्या षड्जावर गेले आणि घसा धरला. आवाज फाटला, खोकला आला. मागे तंबोऱ्यावर त्यांचा शिष्य होता. त्याने तिथे सूर द्यायचा असतो. तो घाबरून दगडासारखा बसून राहिला.

आणि भाऊंनी ओळ उचलली.

विचार करून नाही. त्यांचे डोळे बुवांच्या तोंडावर होते, हात पेटीवर, आणि चाळीस वर्षांची सवय गळ्यात. समोरच्याचा सूर पडला, तो धरायचा, एवढंच त्यांना माहीत. पेटीच्या माइकमधून तो षड्ज सभागृहभर गेला. इतका स्वच्छ, की माझ्या अंगावर काटा आला. मागच्या तीन रांगांनी टाळ्या वाजवल्या. तिथेच घात झाला. त्या टाळ्या कोणाला आहेत हे लपलं नाही.

बुवांनी हात वर केला. तबला थांबला. मग माइकमध्ये, अगदी शांतपणे ते म्हणाले, “साथीला बसलात ना? मग साथ करा. गायला मला बोलावलंय.”

पुढच्या रांगा हसल्या. डॉक्टर, वकील, अत्तराचे फाये लावून आलेले सगळे. “हाव, चुकलं,” भाऊ म्हणाले, आणि पुढचं सगळं पद खाली मान घालून वाजवलं. कोणीतरी तेवढं मोबाइलवर टिपलं, त्या क्लिपला नंतर गावभर पाय फुटले, खाली हसऱ्या तोंडांची रांग. हसा, बाबांनो. घसा फाटलेल्या माणसाला हसायची तुमची टाप नव्हती, त्याला हात देणाऱ्याला हसलात.

बुवा उठले. मी विंगेत भाऊंच्या गायनाचं निवेदन घेऊन उभी होते, चांगलं अर्धं पान लिहिलं होतं. तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. वेळेअभावी पुढील कार्यक्रम होऊ शकत नाही, फराळाची सोय बाजूच्या मांडवात. मी घड्याळ पाहिलं. पावणेआठ झाले होते, सभागृह नऊपर्यंत आपलं होतं. मी काही विचारायच्या आत अध्यक्ष कानाशी कुजबुजले, की बुवांचा शब्द आहे, हा गृहस्थ माझ्यानंतर गाणार असेल तर पुन्हा मला बोलावू नका. जा, जा, लोक उठतील.

मी गेले. दिवे तोंडावर, समोर माणसं. भाऊ अजून मंचावरच होते, पेटी जरा पुढे सरकवून, घसा साफ करत बसलेले. आणि मी चिठ्ठी वाचली. शब्द न शब्द, चांगल्या खणखणीत आवाजात.

आमच्या नाटकात पाठांतर फारसं नसतं. पडद्यामागून प्रॉम्प्टर जे देईल ते बोलायचं, थांबलो की नाटक पडलं. वीस वर्षं मी तशी बोलत आले. पण हे कारण मीच मला सांगितलं आणि मीच त्यावर थुंकले. मला वाचता येत होतं, वाचलेलं कळतही होतं.

खुर्च्या सरकल्या. लोक फराळाला गेले. मागच्या तीन रांगा बराच वेळ बसून राहिल्या, त्यांना वाटलं काहीतरी घोळ झाला, आता सांगतील. मग वहिनी उठल्या तसे सगळे उठले. मांडवात चकल्या होत्या, अनारसे होते. टेम्पोतला एकही माणूस तिकडे फिरकला नाही.

आठ दिवसांनी समितीची बैठक झाली, तिथे मी सगळ्यांची सालटी काढली. म्हटलं, तुमच्या बुवांची लाज ज्याने राखली त्याला तुम्ही उठवलंत. तुम्हाला झाडीपट्टी हवी ती पत्रिकेवर, मंचावर नको. अध्यक्ष म्हणाले, बाई, शांत व्हा, पुढच्या वर्षी त्यांना अर्धा तास देऊ. देणारे तुम्ही कोण रे? मी राजीनामा त्यांच्या टेबलावर आपटला आणि तडक नदीपलीकडे भाऊंच्या घरी गेले. खरं सांगते, मला वाटत होतं की त्यांना बरं वाटेल.

भाऊ ओसरीवर ऑर्गन उघडून बसले होते. हंगाम सुरू होणार होता, भाता फाटला होता, त्याला चामड्याचा तुकडा लावून राह्यले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कोणाला काय बोलले, कोणाचं तोंड कसं झालं. त्यांनी चामड्याला गोंद लावला. तुकडा चिकटवून झाला, बोटं पुसली, आणि म्हणाले,

“त्याइचं सोडा, बाई. ते मले ओळखतच नाईत. तुमी चिठ्ठी वाचली काऊन?”

रागावून नाही म्हणाले. का वाचली, ते त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, हातात आली म्हणून वाचली, भाऊ. त्यांनी जरा वेळ वाट पाहिली, अजून काही सांगते का म्हणून. मग आत हाक मारून वहिनींना म्हणाले, बाई आल्या आहेत, चहा मांड.

त्या घरात मला आजवर चहा कोणी मांडून दिला नव्हता. मी आले की सरळ आत जायची, डबे शोधायची, सगळ्यांचा चहा मीच ठेवायची. त्या दिवशी वहिनींनी आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली, मला बसायला सांगितलं, आणि कपबशी दोन्ही हातांनी पुढे केली.