हक्का मामी

मामीने तोंड उघडेपर्यंत लोक तिच्याशी मोडक्या हिंदीत, हातवारे करत बोलायचे. मग ती म्हणायची, "आरं, सरळ मराठीत बोल की! मी काय लंडनहून आले व्हय?" समोरचा गार. चेहरा चिनी आणि बोली अस्सल नगरी. कोलकात्याच्या चिनी वस्तीत वाढलेली ही नर्स माझ्या मामाशी लग्न करून नगरला आली आणि मिशनच्या दवाखान्यात खेड्यापाड्यांतल्या पेशंटांकडून मराठी शिकली. तिच्या माहेरची भाषा हक्का. आम्हाला हक्का म्हणजे गाडीवरच्या नूडल्स, एवढंच ठाऊक.

नाताळात ती आमच्याबरोबर करंज्या तळायची, पण तिचा खरा सण पुढे महिन्या-दीड महिन्याने यायचा. चिनी नवं वर्ष! मासेवाल्याशी तिचं भांडण ठरलेलं. तो सवयीने तुकडे करायला जायचा आणि ही ओरडायची, "डोक्याला हात लावू नगंस! आख्खा दे!" मग आलं आणि कांद्याची पात घालून ती तो मासा इडलीच्या पातेल्यात वाफवायची. झाकण कधीच धड बसायचं नाही. टोफू मिळत नसे, म्हणून ती पनीरमध्ये खिमा भरायची आणि ते हमखास फुटायचं. "फुटू दे, पोटात जाऊन फुटनारच हाय."

मासा मात्र संपवायचा नाही, थोडा दुसऱ्या दिवसाला ठेवायचाच, ही तिच्याकडची रीत. आमची आई ताटात शीत न ठेवणारी, तिचा जीव नुसता तळमळायचा. मामी दटावायची, "आज समदा संपवला, तर वरीसभर काय खाशीन?"

मूलबाळ नव्हतं. मामा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि हळूहळू विसरू लागली. आधी माणसांची नावं गेली, मग मराठीच गेली. अख्ख्या घराला बोलण्यात हरवणारी बाई फक्त हक्कात बोलू लागली आणि आम्ही खुळ्यासारखे माना डोलवायचो. दुसरं करणार तरी काय?

गेल्या नव्या वर्षाला सगळा स्वयंपाक मी केला. मामीला ओट्याजवळ खुर्चीत बसवलं होतं. पातेल्यातून वाफ येऊ लागली तशी ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागली. मी सोया सॉस दाखवला, मीठ दाखवलं, पाणी दिलं, शाल दिली, मामाचा फोटोही आणला. प्रत्येक वेळी ती मान हलवायची. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर रडावं की भांडी आपटावीत ते कळेना. मोबाईलला चिनी येत होतं, मामीचं चिनी काही येईना.

शेवटी तिच्या भाच्याला कॅनडाला व्हिडिओ कॉल लावला. तिचा भाऊ आता नव्हता, हा त्याचा मुलगा. त्याला पाहताच मामीचा चेहरा खुलला. तिने घडाघडा काहीतरी सांगितलं, तो शब्दही म्हटला. भाचा इंग्रजीत मला म्हणाला, "ही भाषा बाबा बोलायचे. मी शिकलोच नाही."

मामीला वाटलं, आम्हाला नीट ऐकू आलं नसावं. तिने तो शब्द सावकाश, सुटा करून म्हटला. त्याने तिकडून म्हटला. मीही म्हटला. तिने माझा उच्चार दोनदा सुधारला आणि बरोबर आल्यावर आशेने माझ्या हातांकडे पाहत राहिली.

पावसाळ्यात मामी गेली. तो शब्द मला आजही बिनचूक म्हणता येतो. तिला काय हवं होतं, ते मात्र कळलं नाही.