लांब ओळींचा आजार

सत्तरच्या दशकात मी मुंबईतल्या एका कार्यालयात कॉम्प्युटरवर नोकरीला होतो आणि राहायला भिवंडीत, कामतघरच्या चाळीत. आमचं यंत्र दुसऱ्यांनी वापरून टाकून दिल्यावर आमच्याकडे आलेलं. साहेब मात्र पाहुण्यांना ते ‘अत्याधुनिक’ म्हणून दाखवत.

एकदा साहेबांनी नवा कंपायलर मागवला. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. तो आला भोकं पाडलेल्या कार्डांच्या पेट्यांतून, एका कार्डावर एक ओळ. आमच्या जुन्या कंपायलरने या नव्याला यंत्राच्या भाषेत उतरवायचं आणि मग स्वतः निवृत्त व्हायचं, असा बेत होता. जुन्याने पहिल्याच पेटीत इतक्या चुका काढल्या की पुढची कार्डं वाचायलाच नकार दिला.

साहेबांनी भिंतीवर चुकांचा आलेख लावला. “दर आठवड्याला रेघ खाली यायला हवी,” एवढंच सांगितलं.

भोकं पाडताना कुठेतरी चूक झाली असेल, म्हणून मी मूळ प्रोग्रामच्या आणि आमच्या यंत्राने छापलेल्या कागदांचा गठ्ठा घरी नेला. बायको जवळच्याच पूर्णा गावातल्या शेतकरी घरातली, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. रविवारी दुपारी ती मूळ ओळी वाचायची, मी चुकांच्या खुणा असलेल्या छापील कागदाशी ताडून बघायचो. समोरच्या कारखान्यातल्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात तिला ओरडून वाचावं लागे. शेजारीण दोनदा भांडण सोडवायला आली.

तिसऱ्या रविवारी बायको म्हणाली, “अहो, बारक्या ओळींना काय होत न्हाय. आजारी पडतात त्या लांब ओळीच.”

मी अक्षरं मोजली. जुना कंपायलर कार्डावरची पहिली बाहत्तर अक्षरंच वाचत होता, शेवटची आठ सोडून देत होता. नव्याच्या लेखकाने मात्र अख्खं कार्ड वापरलं होतं.

कार्डांना भोकं पाडणाऱ्या पंचिंग विभागाला सवड होती तेवढ्यात पहिल्या पेटीतल्या लांब ओळी दोन-दोन कार्डांवर तोडून घेतल्या. यंत्राच्या पुढच्या फेरीत चुका दुप्पट झाल्या. साहेबांनी बोलावलं.

“चुका का वाढवल्या, याचा लेखी खुलासा द्या.”

“साहेब, आधी तो दुसऱ्या पेटीपर्यंत पोचतच नव्हता.”

“मग पोचू कशाला दिलात?”

खुलासा मी दिला. मग उरलेल्या पेट्या दुरुस्त होईपर्यंत एकही फेरी लावली नाही. या काळात आलेखाची रेघ अगदी सपाट राहिली आणि स्थैर्याबद्दल साहेबांनी समाधान व्यक्त केलं. शेवटी एका सकाळी सगळ्या पेट्या लावल्या आणि कंपायलर बिनचूक तयार झाला.

‘योग्य देखरेखीमुळे’ हे घडल्याचं साहेबांनी वर कळवलं. त्या पत्राची प्रत मी बायकोला दाखवली. तिने ती शांतपणे वाचली.

“यात माझं नाव न्हाय?”

“माझंही नाही.”

“तुम्हाला या कामाचा पगार तरी हाय,” म्हणत ती मुलांच्या वह्या तपासायला बसली. हसून सोडून द्यावं म्हटलं, पण मला ते जमलं नाही.